कुपवाड एमआयडीसी: जमिनीखालची २० हजार लिटरची फर्नेस ऑइलची टाकी काढायची आहे, काम कुणाला द्यावं?

कुपवाड_शेड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कुपवाडला शेड आहे. बॉयलर पूर्वी फर्नेस ऑइलवर होता, नंतर ब्रिकेटवर (दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर) घेतला. तेलाची टाकी जमिनीतच पडून आहे. जुन्या ड्रॉइंगप्रमाणे व्यास २ मीटर, लांबी ६.४ मीटर, पत्रा ६ मिमी, टाकीच्या डोक्यावर ९० सेंमी माती. मॅनहोल एकच, ५०० मिमीचं. डिप पट्टी टाकली की तळाला २० सेंमी काळा घट्ट थर लागतो. तिथं नवीन मशीनचं फाउंडेशन घ्यायचंय, त्यामुळं टाकी निघायलाच हवी.

तिघांनी दर दिलेत. पहिला भंगारवाला. म्हणतो, तुम्ही एक रुपया देऊ नका, उलट मीच टाकीचे पैसे देतो. जागेवरच गॅस कटरनं तुकडे करून दोन दिवसांत जागा मोकळी. दुसरा मिरजेचा मातीकामवाला. जेसीबी, हायड्रा (चाकांवरची क्रेन) आणि खड्डा भरून देणं, सगळं एकरकमी. आतल्या तेलाचं विचारलं तर "ते आमचा माणूस घेऊन जाईल, वीटभट्टीला चालतंय". तिसरी पुण्याची कंपनी. सहा पानी कोटेशन, आणि आकडा पहिल्या दोघांपुढं डोळे पांढरे करणारा.

गावातल्या माणसाला काम दिलं तर चालेल का? दिलं तर काय काय विचारून घ्यायचं? पावसाच्या आत उरकायचंय.

बॉयलर_जाणकार

स्थानिक माणूस चालेल. पण अख्खं काम एकाला देऊ नका. यात चार वेगळी कामं आहेत: आतला गाळ काढून टाकी धुणं, तो गाळ कायदेशीर ठिकाणी पोचवणं, खोदून टाकी उचलणं, आणि शेवटी भंगार विकणं. भंगारवाल्याला फक्त चौथ्या कामात पैसा दिसतो, म्हणून पहिली दोन तो अंगाबाहेर टाकतो. मातीकामवाल्याचं तेच, त्याला तिसऱ्यात रस.

आधी आत किती माल आहे ते बघा. आडवी गोल टाकी असल्यामुळं डिपचा आकडा फसवतो. तुमच्या मापाच्या टाकीत १० सेंमी डिप म्हणजे सुमारे ३७५ लिटर, पण २० सेंमी म्हणजे जवळपास १०५० लिटर. उंची दुप्पट झाली की माल पावणेतीनपट होतो. म्हणजे तुमच्याकडं नुसत्या गाळाचीच सहा पिंपं आहेत, २०० लिटरची, आणि पिंप गळ्यापर्यंत भरायचं नसतं. धुण्याचं पाणी आणि शेवटी टिपायला वापरलेला लाकडाचा भुसा यांची पिंपं वेगळी. कंत्राटदार "दोन-चार पिंपं निघतील" म्हणाला, तर त्यानं डिप घेतलेलीच नाही असं समजा.

आता गॅस कटर. लोकांचा युक्तिवाद ठरलेला असतो: फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) ६६ अंशांच्या वर, ते काडीनंसुद्धा पेटत नाही, मग भ्यायचं कशाला? थंड तेलापुरतं ते बरोबर आहे. पण कटरची ज्योत पत्र्याला लागली की मागच्या बाजूला चिकटलेला थर काही सेकंदांत त्या तापमानाच्या कितीतरी वर जातो आणि त्याची वाफ व्हायला लागते. वाफ आणि हवा बंद टाकीत एकत्र, वर ज्योत हातात. टाकी "रिकामी" असते म्हणूनच फुटते, कारण भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते.

त्यातही फर्नेस ऑइलच्या टाकीत एक खास ठिकाण असतं, स्टीम कॉइल. तेल पातळ ठेवायला तळाशी वळवलेला पाइप. तो कुठंतरी सडलेला असला तर त्याच्या आत तेल शिरून बसलेलं असतं. टाकी आतून आरशासारखी धुतली तरी कॉइलमधलं तेल तसंच राहतं. कॉइलची दोन्ही टोकं बाहेर सोडवून आधी पाणी, मग हवा मारून बघा. दुसऱ्या टोकाला काळं आलं तर कॉइल फुटलेली आहे. मॅनहोलभोवतीची जाड रिंग, म्हणजे दोन पत्र्यांमधली फट, तिथंही हेच.

अजून एक. गाळ घट्ट आहे म्हणून तो सुटावा यासाठी डिझेल, रॉकेल, थिनर ओतायची पद्धत सर्रास आहे. अजिबात करू देऊ नका. जे तेल ६६ अंशांखाली पेटत नाही त्यात तुम्ही ३५-४० अंशांवर वाफ देणारा माल मिसळता, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात पत्रा तेवढा सहज तापतो. गाळ सोडवायचा तो गरम पाण्यानं आणि डीग्रीझरनं. उपसायला हवेवर चालणारा डायफ्राम पंप. साधी मोटर लावलेला मोनोब्लॉक पंप टाकीच्या तोंडाशी नको.

कुपवाड_शेड

कॉइल आहे, बॉयलरकडून आलेले दोन पाइप दिसतात. भंगारवाला म्हणतो, कापायच्या आधी टाकी काठोकाठ पाण्यानं भरतो, मग कसला धोका? आणि माणूस आत उतरवायचा तर काय बघायचं?

बॉयलर_जाणकार

पाण्यानं भरल्यावर वाफेला जागा राहत नाही, हे बरोबर. पण मग २० हजार लिटर तेलकट पाणी तयार होतं आणि तेही घातक कचऱ्यातच जातं. ते कुठं टाकणार विचारा. उत्तर "गटारीत" असणार, फक्त तो तसं म्हणणार नाही. प्रेशर जेटनं धुतलं तर दीड-दोन हजार लिटरमध्ये भागतं. शिवाय तुकडे करायला पाणी उतरवत जावं लागतं, म्हणजे प्रत्येक कापाला वर मोकळी जागा होतेच.

माणूस आत न उतरवता होत असेल तर तसंच करा. मॅनहोलमधून जेट आणि सक्शन, बाहेर काढल्यावर एका बाजूचं झाकण थंड पद्धतीनं कापून उरलेलं धुणं. थंड पद्धत म्हणजे हवेवर चालणारी करवत किंवा हायड्रॉलिक कात्री. ग्राइंडर नव्हे. ग्राइंडरला ज्योत नसते म्हणून लोक त्याला थंड समजतात, ठिणग्या काय गार असतात का?

उतरवायचाच असेल तर चार वायूंचा मीटर हवा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वालाग्राही वायू एलईएलच्या (हवेत पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली, कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही बघायचा. वर, मध्ये, तळाशी तिन्ही उंचीवर मोजायचं, कारण तेलाची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाला बसते. बंद टाकीत नुसत्या गंजण्यानंसुद्धा ऑक्सिजन कमी होतो, त्यामुळं "वास येत नाही, उतर" हा निकष कामाचा नाही. सकाळी एकदा मोजून दिवसभर चालत नाही. फावड्यानं गाळ हलला की अडकलेला वायू सुटतो आणि आकडे बदलतात, म्हणून मीटर आत माणसाच्या अंगावर चालू पाहिजे.

मीटरच्या दोन खोडी माहीत असू द्या. टाकीत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरला असेल तर साधा एलईएल सेन्सर खोटा शून्य दाखवतो. त्याला काम करायलाच ऑक्सिजन लागतो. दुसरी, फर्नेस ऑइल थंड असताना तो जवळपास काहीच पकडत नाही. म्हणून शून्य आलं याचा अर्थ "आता ज्योत लावा" असा होत नाही. पत्रा आतून खरवडून धातू दिसला पाहिजे.

अंगात पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात. त्या माणसानं दुसरं काहीही करायचं नाही. आतला कोसळला तर त्यानं मागोमाग उडी मारायची नाही, बाहेरूनच ओढायचं. बंद टाकीतले बहुतेक दुसरे आणि तिसरे बळी वाचवायला उतरलेल्यांचे असतात. हातदिवा २४ व्होल्टच्या वरचा नको. दोर आणि २४ व्होल्ट हे दोन्ही नियम १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३६ आणि ३६क म्हणून होते, आणि कलम ३७ मध्ये तेलाची टाकी साफ व वायुमुक्त केल्याशिवाय कापायला मनाई. म्हणजे ही पुणेवाल्यांनी काढलेली फॅशन नाही.

माती_मुरूम

वरचं सगळं बरोबर. आता खड्ड्याचं बोलू, कारण भांडणं तिथंच होतात.

तुमची टाकी २.९ मीटरपर्यंत खाली आहे, म्हणजे खड्डा ३.१ मीटर तरी. कोटेशनमध्ये ७.४ × ३ × ३.१ अशी सरळ पेटी धरलेली असेल, साधारण ६९ घनमीटर, २४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पण एवढ्या खोलीला कडा उभ्या राहत नाहीत. अर्ध्यास एक उतार (मीटरभर खोलीला अर्धा मीटर बाहेर) दिला तरी खड्ड्याचं तोंड १०.५ × ६.१ होतं आणि खड्डा होतो १३० घनमीटरच्या आसपास, म्हणजे ४६ ब्रास. जवळजवळ दुप्पट. "एक्स्ट्रा खोदाई" म्हणून बिल इथूनच फुगतं. आधीच उतारासकट माप लिहून घ्या. आणि तेवढं तोंड शेडच्या कॉलमला भिडत असेल तर तिथं उतार देताच येत नाही, त्या बाजूला पत्रे आणि आडव्या तिरांचा आधार लागतो. कॉलमच्या फुटिंगच्या (पायाच्या) तळापासून ४५ अंशात खाली रेघ ओढा, ती खड्ड्यात येत असेल तर आधी स्ट्रक्चरवाल्याला दाखवा.

काळी माती उन्हाळ्यात कातळासारखी उभी राहते आणि माणूस फसतो. तिला उभ्या भेगा असतात. धपकन अख्खा चिरा सुटून येतो. काढलेली माती काठापासून दीड मीटर तरी लांब, आणि हायड्रा काठापासून निदान खड्ड्याच्या खोलीएवढा लांब. हायड्राला पाय टेकवायला जॅक नसतात, सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं.

उचलण्याचं गणित: ४६.५ चौरस मीटर पत्रा, ६ मिमीचा म्हणजे चौरस मीटरला ४७ किलो. नुसती टाकी २.२ टन. कॉइल, मॅनहोल धरून २.४. जेसीबीच्या बकेटला साखळी बांधून हे ओढायचं काम नाही, हायड्राच हवा, आणि १२-१४ टनी हायड्रा म्हटला तरी बूम लांबवल्यावर तो किती उचलतो हे त्याच्या तक्त्यात बघायचं. काठापासून लांब उभा राहणार म्हणजे बूम लांबणारच. टाकीवरच्या मूळ कानांना हूक लावू नका. इतकी वर्षं मातीत होते, वेल्डची काय अवस्था असेल सांगता येत नाही. पोटाखालून दोन बेल्ट घ्या, टोकांपासून लांबीच्या पाचव्या भागावर.

आणि हे जरूर तपासा: टाकी तरंगू नये म्हणून बसवताना तिच्यावरून लोखंडी पट्ट्या टाकून खालच्या काँक्रीटमध्ये बांधलेल्या असतात. ड्रॉइंगमध्ये नसल्या तरी असू शकतात. त्या हातानं मोकळ्या करून थंड पद्धतीनं कापा. पट्टी तशीच असताना हायड्रानं ओढ दिली की एक तर बेल्ट तुटतो, नाहीतर टाकी फाटून उरलंसुरलं खड्ड्यात. ओली माती टाकीला घट्ट धरून ठेवते, म्हणून आधी एक टोक वीत-दोन वीत उचलून हवा शिरू द्यायची, मग दोन्ही टोकं.

वळवाचा भरवसा नाही, म्हणून एक आकडा देतो. टाकी धुऊन रिकामी आहे, भोवतीची माती काढली आहे, पट्ट्या कापल्या आहेत आणि रात्री पाऊस पडला, तर खड्ड्यात जेमतेम ३५ सेंमी पाणी साचलं की ही टाकी तरंगायला लागते. सकाळी ती आडवीतिडवी कडेला टेकलेली सापडते. पट्ट्या कापणं आणि उचलणं एकाच दिवशी ठेवा. पाणी उपसायला पंप जागेवर हवा, आणि त्या पाण्यावर तेलाची साय दिसली तर तेही पिंपातच जाणार.

निवांत_गडी

एवढा खटाटोप कशाला करताय राव. मॅनहोलमधून वाळू ओतून बुजवून टाका, वर काँक्रीट मारा. २० घनमीटर म्हणजे ७ ब्रास क्रश सँड.

माती_मुरूम

शेडच्या भिंतीखाली आलेली, निघूच न शकणारी टाकी असेल तर तो मार्ग आहे. पण धुणं, वायू तपासणं आणि गाळाची विल्हेवाट त्यातही सुटत नाही, फक्त खोदाई वाचते. आणि कोरडी वाळू एका मॅनहोलमधून ओतली तर ढीग होतो, दोन्ही टोकांना वरची पोकळी तशीच राहते. पातळ सिमेंट-वाळूचा गिलावा पंपानं भरावा लागतो. इथं तर वर मशीनचं फाउंडेशन येणार आहे. गंजणाऱ्या पत्र्याच्या डब्यावर कंप देणारी मशीन बसवायची का? नाही.

कागद_आधी

मशीन बोलावण्याआधी कागद हलवा, त्याला वेळ लागतो.

पहिला प्रश्न परवान्याचा. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाप्रमाणे क वर्गाचं तेल एका जागी ४५,००० लिटरपर्यंत असेल तर साठवण परवाना लागत नाही. फर्नेस ऑइल क वर्गात येतं, तुमची टाकी २० हजारांची, त्यामुळं 'पेसो'चा (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेचा) परवाना बहुधा नसेलच. पण जुन्या फायली चाळा. त्या टाकीत मधल्या काळात जनरेटरसाठी डिझेल भरलं असेल तर गोष्ट वेगळी. डिझेल ब वर्गात, तिथं विनापरवाना मर्यादा २,५०० लिटर आणि एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नाही. परवाना असेल तर तो रीतसर परत करावा लागतो, आणि आधी डिझेल होतं हे सफाईवाल्यालाही सांगायला हवं, कारण त्याच्या दृष्टीनं धोका बदलतो.

दुसरा, गाळ. २०१६ च्या घातक कचरा नियमांत पहिल्या परिशिष्टाचा तिसरा प्रवर्ग नेमका तेलाच्या टाक्यांच्या सफाईचा आहे: ३.१ मध्ये तेलयुक्त गाळ आणि धुण्याचं पाणी, ३.३ मध्ये तेल लागलेला गाळ आणि फिल्टर. तुमच्या प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात बहुतेक फक्त ५.१, म्हणजे वापरलेलं तेल, एवढंच असेल. मग ३.१ आणि ३.३ प्रमाणासकट घालून घ्यायला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करा आणि सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयात पाठपुरावा ठेवा. प्रमाण लिहिताना हात आखडू नका. दीड टन लिहिलं आणि चार टन निघालं की परत अर्ज.

"वीटभट्टीला चालतंय" हे वाक्य जो बोलला त्याला गाळाचं काम देऊ नका, खोदाईचं द्यायचं तर द्या. भट्टीवर ते पिंप सापडलं तर माग काढत माणसं तुमच्या गेटवर येतात. कचरा ज्यानं निर्माण केला, जबाबदारी त्याची. तुम्ही पैसे दिले की घेतले याला महत्त्व नाही. गाळ एक तर मंडळाचं अधिकारपत्र असलेल्या तेल पुनर्प्रक्रियावाल्याकडं, नाहीतर रांजणगावसारख्या सामायिक घातक कचरा केंद्रात. अधिकारपत्राची प्रत मागा आणि तीन गोष्टी बघा: मुदत संपली का, त्यात ३.१ आणि ३.३ आहे का, आणि गाडीचा नंबर अधिकृत वाहनांत आहे का. तिसरी बहुतेक जण बघत नाहीत.

पिंपांवर नमुना ८ चं लेबल, गाडीबरोबर नमुना १० चं मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद). सात रंगांच्या प्रती असतात. पिवळी गाडी निघताना तुमच्याकडं राहते, निळी माल पोचल्यावर घेणाऱ्याकडून परत येते. निळी आली तरच माल पोचला असं धरा. ऑनलाइन निघालं तरी पोच डाउनलोड करून ठेवा. पिंपं ९० दिवसांच्या वर आवारात ठेवायची नाहीत, नमुना ३ मध्ये नोंद, आणि ३० जूनपर्यंत भरायच्या वार्षिक नमुना ४ मध्ये हे प्रमाण दाखवायचं. एप्रिलपासून पुढं काम केलंत तर ते पुढच्या वर्षीच्या विवरणात येईल.

कुपवाड_शेड

फार उपयोगी, मंडळी. तर मग असं करतो: सफाई आणि गाळ अधिकारपत्रवाल्याला, खोदाई-उचल मिरजेच्या माणसाला, टाकी शेवटी भंगारवाल्याला. पण तीन माणसं म्हणजे जबाबदारी एकमेकांवर ढकलणार. ते कसं बांधायचं? आणि खड्ड्यातली माती तेलकट निघाली तर?

वर्कऑर्डर_पाटील

ढकलाढकली टाळायची तर एकाचं काम संपल्याचा कागद दुसऱ्याचं काम सुरू व्हायची अट करा. सफाईवाल्यानं लेखी दाखला द्यायचा: टाकी गाळमुक्त आणि वायुमुक्त, मीटरचे आकडे, वेळ, मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख, सक्षम व्यक्तीची सही. तो दाखला त्या दिवसापुरता. रात्र गेली की परत मोजणी. उचलणाऱ्यानं तो बघून सही करायची, मगच हायड्रा आत. भंगारवाल्याच्या खरेदी-पत्रात स्पष्ट लिहा की जागेवर ज्योतीनं कापायचं नाही, आणि त्याच्या यार्डात कापायचं असेल तरी दाखल्याची प्रत बरोबर जाईल. टाकीवर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात "फर्नेस ऑइलची टाकी होती" असं लिहा. ती पुढं दोन हात बदलून तिसऱ्याच्या कटरखाली जाते, त्या बिचाऱ्याला आत काय होतं ते कुठून कळणार.

पैशांचं: सफाईवाल्याला आगाऊ रक्कम कमी आणि मोठा हप्ता निळ्या प्रतीवर. दर पिंपावर नको, किलोवर घ्या, काट्याची पावती दोन्हीकडची. पिंपावर दर असला की अर्धी पिंपं पाण्यानं भरलेली निघतात. मातीकामवाल्याला घनमीटरवर, उतारासकट, आणि शेवटचा हप्ता खड्डा भरून दाबून दिल्यावर. भंगारवाल्याकडून पैसे आधी, रिकाम्या गाडीचं वजन आधी, भाव त्या दिवशीचा.

तिघांकडूनही हे मागा: मजुरांचा विमा (ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी, कामाच्या तारखा आणि माणसांची संख्या जुळते का बघून), हायड्राचा तपासणी दाखला, बेल्टवर क्षमतेची पट्टी शिवलेली आहे का. एक साधा प्रश्न विचारला तरी माणूस कळतो: "तुमचा गॅस मीटर दाखवा आणि चालू करा." ज्याला तो गाडीत शोधावा लागतो, किंवा जो "पुण्याहून मागवतो" म्हणतो, त्याच्याकडून दर घेऊन ठेवा आणि पुढच्याला बोलवा.

पुणेवाल्यांचं सहा पानी कोटेशनही वाया घालवू नका. त्यातली कामाची यादी तुमच्या वर्क ऑर्डरला सरळ जोडा आणि स्थानिकांकडून त्याच यादीवर दर मागा. मग तिन्ही आकडे एका मापानं तोलता येतात, आणि पुष्कळदा पुण्याचा दर वाटला तेवढा महाग निघत नाही.

माती_मुरूम

तेलकट मातीबद्दल. टाकी उचलल्यावर खड्डा लगेच भरू नका, आधी तळ बघा. टाकीच्या दोन्ही टोकांखालची आणि भरायच्या पाइपाखालची जागा, गळती बहुतेक तिथंच. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा. वर रंगीत तवंग किंवा काळे थेंब आले तर माती बाधित आहे. ही झाली जागेवरची चाचणी. कागदोपत्री मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन तपासून घ्या. नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून. बाधित माती चांगल्या ढिगात मिसळू देऊ नका, जाड प्लॅस्टिकवर वेगळी टाका, वरून झाका. मिसळली तर ४६ ब्रासचा अख्खा ढीग घातक कचरा होऊन बसतो. आवारात किंवा शेजारी बोअर असेल तर त्याचंही पाणी एकदा तपासा.

भरताना काळी माती परत आत नको, ती फुगते-आकसते आणि वरचं फाउंडेशन हलतं. मुरूम घ्या, २० ते २५ सेंमीचे थर, पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर किंवा रोलर. दाबल्यावर बसतो, म्हणून १३० घनमीटरच्या खड्ड्याला सुटा मुरूम ५५ ब्रासच्या आसपास धरा. जेसीबीनं एकदम लोटून वरून बकेट आपटणं म्हणजे दाबणं नव्हे, पहिल्याच पावसात तिथं तळं होतं.

सातारा_औद्योगिक

साताऱ्याकडून थोडी भर, तिकडं असंच काम काढणाऱ्यांसाठी. आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी चार-पाच फुटांवर कातळ लागतो. टाकी कातळात फोडलेल्या खड्ड्यात बसवलेली असते आणि त्यात पाणी वर्षभर साचून राहतं, कारण निचऱ्याला वाटच नसते. कडा ढासळत नाहीत हा फायदा. पण ते साचलेलं पाणी गळतीनं तेलकट असतं आणि त्याचं प्रमाण टाकीतल्या गाळाच्या कितीतरी पट निघू शकतं. म्हणून दर मागवण्याआधी टाकीच्या बाजूला एक छोटा खड्डा घेऊन पाण्याची पातळी आणि वरचा तवंग बघून घ्या, आणि संमतिपत्रातलं प्रमाण त्यावरून ठरवा. ब्रेकर लावायचा असेल तर टाकी बाहेर निघेपर्यंत नको. छिन्नी पत्र्यावर घसरली की भोक पडतं.

कुपवाड_शेड

शेडचा कॉलम टाकीपासून पावणेदोन मीटरवर आहे, म्हणजे त्या बाजूला आधार लागणारच. उद्या स्ट्रक्चरवाल्याला बोलावतो. मंडळाच्या पोर्टलवरचा अर्ज आजच टाकतो, ३.१ आणि ३.३ धरून चार टन.

कागद_आधी

चार ऐवजी सहा लिहा. भुसा, हातमोजे, चिंध्या, धुण्याचं पाणी, सगळं त्यातच मोजलं जातं. बाधित माती निघालीच तर तिच्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल जोडून वेगळा अर्ज करावा लागेल.